रुख्माच्या हाडातली उपाशी

मी एक जुनी पेशी आहे. केशोरी गावच्या रुख्माच्या हाडांत, अगदी मज्जेत, माझा जन्म झाला. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणते खरी, पण माझ्याशी मैत्री करू नका. लोक मला कॅन्सर म्हणतात.

जन्मले तेव्हा मी साधीच होते. रक्तासाठी पांढऱ्या पेशी तयार करायच्या, एवढंच माझं काम. एकदा दुभंगताना माझी दोन गुणसूत्रं तुटली आणि एकाचा तुकडा दुसऱ्याला चिकटला. त्या सांध्यातून एक मस्तवाल प्रथिन तयार झालं. त्याला एकच हुकूम माहीत होता, वाढा. मग काय, मला लेकी झाल्या, नाती झाल्या. आम्ही शेजारणींना रेटून मारलं, त्यांचं अन्न हिसकावलं. हाडांत जागा पुरेना तेव्हा रक्तात उतरलो आणि रुख्माची पानथरी, म्हणजे प्लीहा, ठासून भरली. तिचं पोट फुगलं, अंग वाळलं, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मला तिची कीव आली नाही. मला मजा वाटत होती.

२००४ साली तिचा नवरा केवलराम तिला नागपूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी आमची ती जोडलेली गुणसूत्रं ओळखली आणि रोज जेवणावर घ्यायची एक नवी गोळी दिली. जुनी औषधं चोराबरोबर संन्याशालाही झोडत. ही नेमकी माझ्याच दारी आली. त्या प्रथिनाला जिथून बळ मिळे, त्याच खाचेत ती ठाण मांडून बसली. आमची उपासमार झाली, माझ्या लेकी लाखांनी मेल्या. मी मात्र हाडाच्या एका कोपऱ्यात दबा धरून राहिले.

रुख्मा पुन्हा रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, जाऊ लागली. आजारपणात तिने गावाजवळच्या प्रतापगडच्या महादेवाला नवस बोलला होता. बरी झाले तर दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत अन्नाला शिवणार नाही, फराळावर राहीन आणि मग गड चढेन. दिवाळीला तिने उपास धरला, पण रिकाम्या पोटी गोळी घेतली की तिला उलट्या होत. शेवटी तिने गोळ्या बंद केल्या. घरात कुणाला सांगितलं नाही.

हीच तर माझी दिवाळी! आम्ही पुन्हा उसळलो. महाशिवरात्रीला ती गड चढत असताना मी तिच्या पानथरीत अशी कळ उठवली की ती पायऱ्यांवर कोसळली. नाकातून रक्ताची धार लागली, लुगडं भिजलं. केवलरामने रक्त पुसायला पदर उचलला, तर पदराच्या गाठीत न घेतलेल्या गोळ्या, देवाला वाहायला आणलेल्या.

"उपासात गोळी पोटात राहेच नाई," ती म्हणाली. "आन मी त बरी होऊन राहिली होती."

केवलरामने गोळ्या तिच्यापुढे धरल्या. "महादेवानं तुले मराले सांगतलं का? तू मेली त नवस कोन फेडल?"

पलीकडे गडालाच लागून असलेल्या दर्ग्याजवळ एका कुटुंबाची चूल पेटली होती. तिथून त्याने भात मागून आणला, तिथेच तिला चारला आणि गोळी दिली. दुसऱ्या दिवशी तिला नागपूरला नेलं. पुन्हा माझ्या लेकी मेल्या.

आता महाशिवरात्रीला सगळं घर निरंकार उपास करतं. रुख्मा तेवढी भात खाते आणि गोळी घेते.

मित्रांनो, बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. शत्रूच्या तोंडचं आहे, म्हणून तरी खरं माना. मी मेलेली नाही. रुख्मा पुन्हा कधी उपास धरते, याची वाट बघत मी उपाशी बसले आहे.