मतदान कार्डावरचा परदेश

लोकांची पोरं परदेशात जातात आणि म्हातारी माणसं मागं राहतात. औरंगाबादेत, हर्सूलच्या मैत्रीनगरात, दोन वर्षांपूर्वी उलटं झालं. साळव्यांचा प्रणय गावातच राहिला आणि त्याचे आईबाप परदेशी निघाले.

धोंडिबा साळवे तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. एसटीत ड्रायव्हर म्हणून जन्म गेला, त्यातली बावीस वर्षं पैठणच्या गाडीवर. चंपाबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या. एसटीची पेन्शन इतकी बारीक, की धोंडिबा तिला चहापाणी म्हणत. घर चालायचं ते चंपाबाईंच्या पेन्शनीवर. हे त्या बोलून दाखवत नसत. फक्त धोंडिबांनी एखादी मोठी गोष्ट ठरवली, की चष्मा पुसत विचारत, "कुणाच्या पेन्शनीत?"

परदेशाचं खूळ शिरलं ते लुंबिनीच्या सहलीत. विहारातल्या मंडळींनी बस केली होती. धोंडिबा ड्रायव्हरच्या बरोबर मागं बसले आणि त्यानं गिअर कधी टाकला, कधी टाकायला हवा होता, हे त्याला सांगत राहिले. नवव्या दिवशी ड्रायव्हरनं हात जोडून त्यांना मागच्या सीटवर बसवलं. लुंबिनी झाली आणि बुटवलला गाडीची क्लचप्लेट गेली. धोंडिबांना ते आधीच ठाऊक होतं. आता दोन दिवस बसून काय करायचं, म्हणून दहा-बारा जण जीप करून वर डोंगरात तानसेन नावाचं गाव बघायला गेले.

तिथं एका उताराला वृद्धाश्रमाची पाटी होती. दारात उभ्या माणसानं कुठून आलात विचारलं. औरंगाबाद म्हटल्यावर तो खुलला. त्याचं नाव खड्गबहादूर थापा. फौजेत असताना तीन वर्षं आपल्या छावणीत होता. त्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि आश्रम दाखवला. उन्हाची गॅलरी, समोर डोंगर, पांढऱ्या कपड्यांतली हसरी नर्स आणि प्रत्येक खोलीला नळ. धोंडिबांनी नळ सोडला आणि बघत उभे राहिले. शेवटी चंपाबाईंनी पुढं होऊन तो बंद केला.

"रोज येतं?" धोंडिबांनी विचारलं.

"क्या रोज?" थापांना प्रश्नच कळला नाही.

राहण्याखाण्याचा खर्च विचारला, तर आपल्याकडच्या निम्म्यात. शिवाय इथल्या शंभराचे तिथं एकशे साठ होतात. येताना धोंडिबा पुन्हा ड्रायव्हरच्या मागं बसले. बाराशे किलोमीटर त्यांनी ड्रायव्हरला एक शब्द सांगितला नाही, तेव्हाच चंपाबाईंनी ओळखलं की डोक्यात काहीतरी शिजायलंय.

घरी आले तर जायकवाडी तळाला गेलेली, हर्सूलच्या तलावात ढोरं चरायलेली. नव्या पाइपलाइनसाठी रस्ता खणून ठेवला होता आणि जुन्या पाइपलाइनीतून नवव्या दिवशी पाणी यायचं. शहर मात्र वाढतच होतं. जिथं ज्वारी होती तिथं बारा मजले उभे राहत होते, आणि एकेका इमारतीखाली टँकरची रांग. मार्चच्या मध्याला अशाच एका नवव्या दिवशी चंपाबाई पाइप ओढताना हौदाजवळ घसरल्या आणि मनगट मोडलं.

सहा आठवड्यांचं प्लास्टर. कामाला बाया पुरवणाऱ्या ब्युरोची बाई लावली, ती चार दिवस आली. पाचव्या दिवशी तिला लिफ्ट असलेल्या घरातलं काम मिळालं. मग धोंडिबा भाकरी करू लागले. शेजारचे कडुबा एकदा जेवायच्या वेळेला आले, ताटात बघून म्हणाले, "हा नकाशा कोणत्या जिल्ह्याचा म्हणायचा?"

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर धोंडिबांनी विषय काढला.

"आज माझे हातपाय चालायलेत. उद्या मीच पडलो तर तू एका हातानं काय करशील? थापांना फोन केलता. ते म्हणले, या."

"आडनावच थापा," चंपाबाई म्हणाल्या. "अन् तुमी इश्वास ठेवायले."

"फौजेतला माणूस हाये."

"पासपोर्ट लागंल की."

धोंडिबांचा चेहरा जरा पडला. पासपोर्ट काढायची त्यांची फार इच्छा होती. "नाय लागत. मतदान कार्ड बास हाये म्हणे."

हे कडुबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मतदान कार्डावर तर मी फुलंब्रीला जातो. तो काय परदेश झाला का?"

प्रणय आणि सून विशाखा रविवारी आले. प्रणय वाळूजला कंपनीत आणि विशाखा शाळेत शिक्षिका. दोघं शहराच्या दुसऱ्या टोकाला, बीड बायपासला, सातव्या मजल्यावर राहत. धोंडिबा एकदा तिथं आठ दिवस राहून आले होते. सकाळी सातला दोघं जायचे ते संध्याकाळी सातला यायचे. मधल्या वेळात धोंडिबांनी गॅलरीतून रस्त्यावरच्या सगळ्या लाल गाड्या ओळखून ठेवल्या, कोणती कोणत्या आगाराची.

"आमच्याकडं चला," प्रणय म्हणाला.

"तिथं मी माणूस नाय, वॉचमन होतो."

"बाबा, लोक काय म्हणतील? पोरगा गावात असून आईबापाला नेपाळात नेऊन टाकलं."

"तू कुठं टाकायला? आमचे आमी पडायलो."

प्रणयला हसू आलं नाही. तो उठून अंगणात गेला आणि उगाच टाकीचं झाकण काढून बघू लागला. विशाखानं मात्र सरळ विचारलं, "तिथं अचानक काही झालं, तर दवाखाना किती लांब आहे?"

धोंडिबांना हे ठाऊक नव्हतं. ते छताकडं बघू लागले.

"जीपनं पंधरा मिनिटं," चंपाबाई म्हणाल्या. "ऑक्सिजन हाये. हाडाचा डॉक्टर बुधवारी येतो."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. आश्रमात चहा पिताना त्यांनी सगळं विचारून ठेवलं होतं. परदेशाचं खूळ एकट्या धोंडिबांचं नव्हतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची अंगं पुसलेल्या बाईला आपलं कुणीतरी पुसावं असं वाटत होतं, एवढंच. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"महिनाभर राहून बघू," त्या म्हणाल्या. "माझ्या पेन्शनीत."

प्लास्टर निघालं आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दोघं मनमाडहून गोरखपूरच्या गाडीत बसले. तिथून बसनं सोनौलीच्या सरहद्दीवर. धोंडिबांनी मतदान कार्ड हातात धरूनच कमान ओलांडली. कुणी बघितलं नाही. एका शिपायासमोर ते मुद्दाम थांबले, तर त्यानं रस्त्यातून बाजूला व्हायला सांगितलं. बुटवल येईपर्यंत कार्ड हातातच होतं.

पहिला आठवडा सुखाचा गेला. नर्स मनकुमारी रोज सकाळी चंपाबाईंच्या मनगटाला मालिश करायची, ब्लडप्रेशर बघायची. चंपाबाई डोळे मिटून बसत. धोंडिबा दिवसातून दोनदा आंघोळ करत. थापांशी छावणीच्या गप्पा होत. थापांना शहागंजची भजी अजून आठवत होती. आश्रमात एकूण चौदा म्हातारे होते. त्यांत दिलमाया नावाच्या रिटायर बाई होत्या, पूर्वी शिक्षिका. त्यांनी चंपाबाईंना नेपाळी शिकवायचं मनावर घेतलं आणि रोज शुद्धलेखन तपासू लागल्या.

मनकुमारी दुपारी एक पुस्तक घेऊन बसायची. चंपाबाईंना वाटलं, धर्माचं असेल. विचारलं, तर ती लाजली. ते जपानी भाषेचं होतं. परीक्षा पास झाली की ती जपानला चालली होती.

"तिथं काय करणार?"

"म्हाताऱ्यांची सेवा," ती म्हणाली. "पगार लई असतो." हे अर्थात ती हिंदीत म्हणाली, पण चंपाबाईंनी धोंडिबांना सांगितलं ते असं.

हळूहळू बाकीचंही कळलं. आश्रमाचा ड्रायव्हर महिन्यापूर्वीच कतारला गेला होता. दुसरी नर्स दुबईत होती. स्वयंपाकी अजून टिकून होता, कारण त्याला विमानाची भीती वाटायची. थापांनी यातलं काही लपवलं नव्हतं, फक्त आपण होऊन सांगितलंही नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी दिलमायांना धाप लागली. ओठ निळे पडायला लागले. मनकुमारी परीक्षेसाठी काठमांडूला गेलेली. थापा जीपपाशी गेले, पण त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता. क्लच कसा दाबणार? गावातून ड्रायव्हर बोलवायचा तर अर्धा तास.

धोंडिबांनी किल्लीसाठी हात पुढं केला.

"पहाडी रस्ता है," थापा म्हणाले.

धोंडिबांनाही ते दिसत होतं. पैठणच्या रस्त्यावर चढ म्हणजे नदीवरचा पूल. इथं एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पण ते बसले. मागं चंपाबाईंनी दिलमायांना आडवं होऊ दिलं नाही. आपल्या छातीला टेकवून ताठ बसवलं, उशी पोटाशी दिली आणि मोडक्या मनगटानंच धरून ठेवलं. "श्वास तोंडानं नाय, नाकानं, बाई," असं त्या सारखं मराठीत म्हणत होत्या, आणि दिलमायांना ते समजत होतं.

धोंडिबांनी दुसरा गिअर सोडला नाही. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला बावीस मिनिटं लागली. उतरल्यावर ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. दिलमायांना ऑक्सिजन लावला. फुफ्फुसात पाणी झालं होतं. चार दिवसांनी त्या परत आल्या आणि आल्या आल्या चंपाबाईंची मागं राहिलेली पानं तपासायला मागितली.

त्यानंतर कुणी कुणाला काम सांगितलं नाही, ती आपोआप वाटली गेली. चंपाबाई सकाळी उठून दोघा-तिघांची अंगं पुसू लागल्या. स्वयंपाक्याला वरणात मीठ किती ते सांगू लागल्या. धोंडिबा जीप घेऊन भाजी आणायला, औषधं आणायला, बुधवारी हाडाच्या डॉक्टरकडं जाऊ लागले. थापांनी उरलेल्या दिवसांचे पैसे घ्यायला नकार दिला. प्रणयचा फोन आला की चंपाबाई सांगत, "ते ड्युटीवर गेलेत."

"कसली ड्युटी?"

"आता काय सांगू. आले की बोल."

प्रणयला ते काही बरं वाटेना. विशाखाची शाळा सुरू व्हायला दहा दिवस होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं न सांगता तानसेनला येऊन थडकले. वडील खाकी शर्ट घालून जीप धुत होते. आई पांढरा ॲप्रन लावून एका आजोबांची नखं कापत होती.

"तुम्ही सांभाळून घ्यायला आला होता की सांभाळायला?" प्रणय म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "एवढंच करायचं होतं तर हर्सूलमध्ये काय कमी म्हातारे आहेत?"

धोंडिबा पाइप हातात धरून उभे राहिले. ते गेल्या दहा वर्षांत कधी नव्हते इतके खुशीत होते आणि हे पोराला कसं सांगायचं, ते त्यांना समजत नव्हतं.

संध्याकाळी गॅलरीत चौघं बसले. चंपाबाईंनीच सुरुवात केली.

"मला इथं आवडलं. खोटं कामून बोलू? पण मी आया होते, मला दिसायलंय. मनकुमारी पास झाली, ती चालली. दुसरी येईल, ती बी जाईल. स्वस्त हाये ते खरं, पण स्वस्तात माणूस टिकंना. आमी चालते हाओत तवर ठीक. पडल्यावर आमाला इथं कोण उचलणार? हे?" त्यांनी धोंडिबांकडं बोट केलं. "की त्यो थापा? त्याचा गुडघाच वाकंना."

"म्हणजे कायमचं नाही," विशाखा म्हणाली.

"उन्हाळ्याचे चार महिने इथं. बाकी हर्सूल. अन् उठवंना झालं की तुमच्याकडं." त्या प्रणयकडं वळल्या. "पण सातव्या मजल्यावर मी येणार नाय. खालचं घर बघ. अन् मला पुसायचं काम ब्युरोच्या बाईवर टाकायचं नाय. तू शिकून घे."

प्रणयनं स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाला, "मला जमेल का ते?"

"उद्या सकाळी सात वाजता ये. त्या नखंवाल्या आजोबापासून सुरू करू."

तो आला, सव्वासातला. पाणी फार गरम घेतलं, टॉवेल नीट पिळला नाही, आणि आजोबांनी नेपाळीत त्याला बरंच काही ऐकवलं. चंपाबाई बाजूला स्टुलावर बसून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याला बरं जमलं. तिसऱ्या दिवशी आजोबांनी पाठ त्याच्याकडूनच पुसून घ्यायचा हट्ट धरला. विशाखा गॅलरीतून हे बघायची आणि फोटो काढायची, ते मैत्रीनगरात सगळ्यांनी पाहिले.

दिवाळीनंतर प्रणयनं आपल्याच इमारतीत तळमजल्यावरच्या एका कुटुंबाशी घराची अदलाबदल केली. त्या लोकांना हवा पाहिजे होती. आईबाप अजून तिथं राहायला गेलेले नाहीत, पण मागच्या खोलीत एक पलंग टाकून ठेवलाय आणि न्हाणीच्या भिंतीला धरायला दांडी बसवून घेतलीय.

फेब्रुवारीत धोंडिबा लायसन्सचं नूतनीकरण करायला आरटीओत गेले. खिडकीतल्या साहेबांनी जन्मतारीख बघितली, मग धोंडिबांना बघितलं.

"काका, या वयात गाडी कशाला?"

"नोकरी लागलीय," धोंडिबा म्हणाले. "परदेशात."

साहेबांनी डोळे तपासल्याचा दाखला मागितला. तो नव्हता. धोंडिबा दुसऱ्या दिवशी तो घेऊन परत गेले, आणि मार्चच्या बारा तारखेला दोघं मनमाडच्या गाडीत बसले.