शामियान्याचा माथा

निजामाच्या मुलखातल्या मुरुमच्या पेठेत शामियाने शिवणाऱ्या रसूलमियाँच्या घराण्यात एक रीत होती. शामियान्याची सगळी कापडी पाने आधी रवाना करावीत. मधला माथा मात्र उस्तादाने आपल्या गाठोड्यात घालून स्वतः न्यावा आणि स्वतःच्या हाताने बांधावा. माथ्यावाचून शामियाना उभा राहत नाही, आणि माथ्याच्या सोळा गाठींचा क्रम उस्तादावाचून कुणास ठाऊक नसतो. पणजोबांनी घातलेली ही रीत कुणी मोडली नव्हती. तीत घराचा मान होता, आणि पोटही.

शके अठराशे सत्तरच्या चैत्रात याच रीतीने रसूलमियाँना कोंडून टाकले. अठ्ठेचाळीस पाने मार्गशीर्षातच आगगाडीने मुंबईस जाऊन पडली होती. मागाहून निजामाच्या मुलखाचे आणि हिंदुस्थानचे नाके एकमेकांना बंद झाले. मुलखातून कापडाची चिंधीही बाहेर जाऊ देऊ नये, असा हुकूम सुटला. माथा घरात राहिला, आणि माथ्याजवळ उस्ताद.

मुंबईस शेत नाही, खळे नाही. तरी तिलाही सुगी असते, असे रसूलमियाँ नेहमी सांगत. तिथली दगडी सभागृहे कितीही थोर असली तरी सुगीला अपुरी पडत. मग वैशाखात समुद्रकाठच्या मैदानावर प्रदर्शन भरे. गिरण्यांचे धनी, रुईचे दलाल, जहाजांचे आडते, यंत्रे विकणारे परदेशी, सारे एका छताखाली जमत. त्या बारा दिवसांत जे सौदे ठरत, त्यांच्या बळावर वर्षभर गिरण्यांचे भोंगे वाजत आणि बंदरात कापसाच्या गाठी चढत. एका वेळी पाच हजार माणसे त्या छताखाली उभी असत, आणि ते छत मुरुमचे असे.

समुद्राचा वारा मात्र छताचा वैरी. रसूलमियाँ विशीत असताना त्यांनी एक शामियाना शिडासारखा फुगून खांबांसकट उलथताना पाहिला होता. दोन माणसे दगावली. त्यानंतर त्यांच्या वडिलांनी माथ्यात चार झरोके ठेवले, आणि गाठींचा क्रम असा बांधला की वारा आत शिरला तरी वरून निघून जावा. आता मुंबईत होता पुतण्या मकबूल. हाताचा तयार, पण उतावळा. फाल्गुनात त्याचे शेवटचे पत्र आले होते : 'काका, अक्षय्य तृतीयेपर्यंत तुम्ही आला नाहीत, तर मधे साधे जाड कापड लावून काम भागवतो.'

साध्या कापडाला झरोके नसणार आणि वारा छत उलथून टाकणार, हे रसूलमियाँनी ओळखले. परवान्यासाठी ते चार वेळा नाक्यावर गेले. प्रत्येक वेळी नाक्यावरचे अधिकारी अमीनसाहेब एकच सांगत, "मियाँ, फौजेच्या छावणीला तंबू पाहिजेत. शिवायला बसा, परवान्याचं मग पाहू." छावणीत नाव लागलेला कारागीर पुन्हा मुलखाबाहेर सुटत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून रसूलमियाँ सांगत, "साहेब, डोळ्यांत पडदा आलाय. सुईचं नाकच दिसत न्हाय." आणि काठी टेकीत परत येत. पलीकडेही त्यांच्यासाठी वाट मोकळी नव्हती. दाढी पाहून तिकडचे लोक रझाकार समजतील, ही भीती होतीच.

तृतीयेला आठ दिवस उरले असता शेजारचा गुंडप्पा सांगायला आला की दिवस बरे येईतो तो बायको दगडाबाईला घेऊन सोलापुरास मेहुण्याकडे निघाला आहे. नाक्यावर माणशी एक वाकळ नेऊ देतात, एवढे तो बोलता बोलता म्हणाला.

रसूलमियाँनी माथ्याच्या गाठोड्याकडे पाहिले. मग म्हणाले, "गुंडप्पा, सोलापूरहून पुढं मुंबईला जाशील?"

"चाचा, म्या तुळजापूरच्या पलीकडं पाय टाकला न्हाय. मुंबईत मला कोण वळखील?"

"तुला नको वळखू दे. मकबूलनं वाकळ वळखली म्हंजी झालं. पाच हजार माणसांच्या जिवाचा सवाल हाय, बाबा."

गुंडप्पाने मान हलवून होकार दिला.

रसूलमियाँची बायको कुलसुमबी हिने जुनी लुगडी काढली. माथा मधे घालून नवराबायकोने दोन दिवसांत वाकळ शिवली. पुढचे दोन दिवस रसूलमियाँनी बाजेच्या दोऱ्यांवर गुंडप्पाला गाठी शिकवल्या. पहिल्या चार समुद्राकडच्या, त्या सैल, त्यांच्या समोरच्या चार आवळून, मग कोपऱ्यांच्या. जे पोटच्या लेकरालाच द्यायचे, ते परक्या हाती देताना त्यांनी दोनदा दोरी सोडली आणि पुन्हा धरली. गुंडप्पाकडून मकबूल शिकेल, आणि मग मुंबईला मुरुमच्या उस्तादाची गरज उरणार नाही, हे त्यांना दिसत होते.

"बैल बांधतोस का रं?" कुलसुमबी म्हणाली. "हलक्या हातानं घे की."

"चाची, बैल तरी एका गाठीत ऱ्हातो. तुमची मुंबई सोळा गाठीत बी ऱ्हाईना!"

पाचव्या दिवशी सकाळी गाडी नाक्यावर उभी राहिली. निरोपाच्या निमित्ताने रसूलमियाँ सोबत गेले होते. शिपायांनी भांडी पाहिली, पीठ पाहिले. अमीनसाहेब सहज पुढे आले, त्यांनी वाकळेचा काठ बोटांत धरला आणि तो उन्हाकडे वळवला.

चूक तिथे होती, आणि ती करणाऱ्यांच्या ध्यानातही आली नव्हती. कुणब्याच्या घरची वाकळ लांब, वाकड्या टाक्यांची असते. या वाकळेला काठोकाठ दुहेरी टीप होती, सुतासारखी सरळ. पिढ्यान्‌पिढ्या शिवणाऱ्या हातांना वाईट शिवता आले नव्हते.

"ही टीप कुणब्याची नव्हे," अमीनसाहेब सावकाश म्हणाले. "मुरुमात अशी टीप एकाच घरात पडते. कात्री आण रे."

दगडाबाईने पदर तोंडाशी नेला. गुंडप्पाच्या हातातला कासरा लोंबला.

रसूलमियाँ पुढे झाले. "शेजारी हाय, साहेब. लांब निघालाय, म्हणून म्या शिवून दिली."

"तुम्ही? सुईचं नाक दिसत नव्हतं ना?"

"दिसतं, साहेब. खोटं बोललो." त्यांनी काठी गाडीच्या चाकाला टेकवून ठेवली. "छावणीचे तंबू शिवतो. आजपासून. ह्यांना उन्हाच्या आत जाऊ द्या."

अमीनसाहेब हसले. ज्या माणसासाठी त्यांनी चार महिने वाट पाहिली होती, तो आपल्या पायांनी आला होता. वाकळेत त्यांना आता रस उरला नाही. त्यांनी काठ सोडला आणि गाडी हाका म्हणून हात केला. पलीकडच्या चढावर गाडी दिसेनाशी होईतो रसूलमियाँ उभे राहिले. मग शिपायाने वहीत त्यांचे नाव घातले, आणि हत्यारे आणायला तो त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आला.

कुलसुमबी दारातच होती. "गेला का गुंडप्पा?"

"गेला. वाकळ बी गेली."

तिने शिपायाकडे पाहिले. "आणि तुमी?"

"मी इथंच," रसूलमियाँ म्हणाले. "जाड सुया दे. तंबूच्या."