कापशीची लोकर

“आप्पा, काय करून राहिलात हे!”

मी शाळेतून शिकवून घरी आले, तर अंगणात आमची पॉमेरेनियन कुत्री कापशी आडवी पाडलेली. तिचे पाय आप्पांच्या गुडघ्याखाली आणि आप्पांच्या हातात मेंढ्या कातरायची कात्री. तिचं सगळं अंग गुलाबी, उघडं पडलेलं.

“तुला धाप लागती म्हून,” आप्पा म्हणाले. “केस गळून राहिलेत घरभर. आता लोकरच न्हाई, तर गळंल काय?”

“अहो, ती काय मेंढी आहे?”

“पन्नास वर्सं मेंढरं कातरली, पोरी. मला नको शिकवू. आखाडापस्तोर येती की परत.”

त्यांना बोलायचं तरी काय? दमा माझा. केस आवरा नाहीतर कुत्री काढा, असं डॉक्टर मला म्हणाले होते. मी चार दिवस तिला विंचरलं आणि पाचव्या दिवशी कंटाळले. आई गेल्यापासून आप्पा दिवसभर बोलायचे ते कापशीशीच. ती जाऊ नये म्हणून बिचाऱ्यांनी त्यांना येत होतं ते केलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिला पाहून कपाळाला हात लावला. “आजोबा, त्या केसांनीच तिचं ऊन अडत होतं. रोज विंचरून गळालेले तेवढे काढायचे. कापायचे नसतात. आता परत येतील का, मलाच माहीत नाही.”

केस आले नाहीत. आखूड खुंट मात्र गादीत रुतायचे, चादरीत अडकायचे. महिनाभरात मला उदगीरच्या दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. मग कंधारची माझी मोठी बहीण सिंधू भाजीचा टेम्पो घेऊन जळकोटला आली, कापशीला न्यायला.

“आखाडापस्तोर थांबली अस्तीस,” आप्पा मला एवढंच म्हणाले.

भर दुपार होती आणि टेम्पोला वर काही नव्हतं. आप्पांनी डोक्यावरचा पटका सोडला आणि कापशीच्या अंगाभोवती नीट गुंडाळला. मी जन्मात त्यांना उघड्या डोक्यानं रस्त्यावर पाहिलं नव्हतं. गल्लीतल्या बायकांसमोर ते तसेच उभे राहिले, टेम्पो वळेपर्यंत.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आत चल, बाई. फुफाटा उडून राहिलाय. तुला सोसायचा न्हाई.”