खांबावरची कड

"नवरा तुझ्या मनासारखा कर बाई, पण खांबावर तुमचे कागद कुठल्या रंगाचे लागायचे, ते आधी विचारून घे."

झुम्राच्या आईचं हे बोलणं लग्नाआधीचं. आई गेली, तिचा हिरव्या कडेचा कागद उन्हानं पिवळा पडला, पावसानं विरून गेला. आवाज मात्र अजून कानाशी बसून आहे.

आमच्या बोस्नियात माणूस गेला की त्याचं नाव आणि फोटो छापलेला कागद पुलाजवळच्या खांबावर चिकटवतात. मुसलमानाला हिरवी कड, ख्रिस्ती माणसाला काळी. झुम्रा मुसलमान, तिचा आन्टो कॅथलिक. संसार सुखाचा झाला. फक्त रंगाचा विषय निघाला की आन्टो उठून लाकडं फोडायला जायचा. घरात सरपणाला कधी तोटा पडला नाही.

झुम्राला एवढंच हवं होतं, की शेवटी खांबावर तरी दोघं एकमेकांना परकी दिसू नयेत.

मग शेजारचा दामिर वारला. छापखान्यातल्या बेल्माने संगणकावरच्या शीटमध्ये नवी सोय केली होती: नाव टाकलं की त्यावरून कडेचा सेल, म्हणजे शीटमधला चौकोन, आपोआप रंगायचा आणि तोच रंग कागदावर छापला जायचा. दामिर हे नाव दोन्हीकडे चालतं. माणूस पक्का कॅथलिक, कड आली हिरवी. दफनाला मशिदीतला होजा वेळेवर हजर, पाद्री आपल्या घरी जेवत बसलेला. दामिरच्या बायकोने पुढे दोघांनाही कॉफी पाजली.

झुम्राने आन्टोला धरून छापखान्यात नेलं. "जिवंतपणीच लिहून देऊ. नाहीतर ही पोरगी आपल्याला कुठल्याही रंगात पाठवेल."

"आता नावावरून नाही हो मावशी," बेल्मा ओशाळून म्हणाली. "धर्माचा वेगळा रकाना केलाय. त्यात लिहाल तसा रंग येतो."

झुम्राचं लिहून झालं. कड हिरवी झाली.

"काका, तुमचं काय लिहू?"

आन्टो खिडकीबाहेर बघू लागला. तिथे लाकडं नव्हती.

"बोल की रे," झुम्रा म्हणाली. "इथे कुऱ्हाड नाही मिळायची."

"धर्म कॅथलिकच लिही," आन्टो म्हणाला. "आत क्रूसही छाप. पण कडेचा रंग माझ्या रकान्यावरून नको. हिच्या सेलवरून घेता येतो का?"

"येतो." बेल्माने नियम बदलला. कड हिरवी झाली. "पण मावशींची ओळ कुणी पुसली, तर तुमची कड कोरी राहील."

"मग कोरीच बरी."

झुम्राने पदर नव्हता म्हणून रुमालाचं टोक डोळ्याला लावलं. "एवढं जंगल तोडलंस. हे सांगायला काय झालं होतं?"

"तू म्हणाली असतीस, माझ्यासाठी देव सोडू नकोस. देव नाही सोडला, झुम्रा. पण खांबावर तुझ्याशेजारी परका म्हणून लागायची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत आलीय."