न दुखणारा पाय

मी शिवणयंत्राखाली पडलेला डावा बूट बोलतोय. टाच झिजलीय, टाका उसवलाय. धनी शिंपी असून माझ्या नशिबी हे! असो.

माझ्या धन्यानं, म्हणजे शिंपी मास्तरांनी, मला नवा आणला तेव्हा "चावतोय मेला!" म्हणून भिरकावलं होतं. पुढे मी तसाच घट्ट राहिलो, पण त्यांची तक्रार थांबली. मला वाटलं, आमची गट्टी जमली. खरं तर मधुमेहानं त्यांच्या तळव्यातली जाणीवच गेली होती.

मशीनवर बसताना मास्तर मला काढून ठेवत. एकदा गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण घरंगळत माझ्यात पडलं. मास्तरांनी मला तसंच पायात चढवलं आणि दुकानभर बटण शोधत फिरले.

"अहो, गिळलंत की काय?" काज करता करता मास्तरांची बायको, आमच्या काकू, म्हणाल्या.

"गिळायला तू काही सोडलंयस का?"

मग कापड बेतत संध्याकाळपर्यंत ते त्याच बटणावर उभे होते. मी आतून ओरडत होतो, पण बुटाचं कोण ऐकतं? मला काढल्यावर बटण बाहेर पडलं. दोघं पोट धरून हसली. तळवा कुणीच पाहिला नाही. सकाळी शुगर चांगली आली होती, त्या खुशीत मास्तरांनी विडी पेटवली.

काही दिवसांनी मोजा पायाला चिकटला, वास सुटला. काकूंनी पाय उलटा करून पाहिला, तर अंगठ्याखाली जखम चिघळली होती; त्यांनी तशीच रिक्षा बोलावली. दवाखान्यात मी त्यांच्या पिशवीत होतो.

"नुसत्या शुगरच्या आकड्यावर विसंबलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विडी, वाढलेलं बीपी, थकलेली किडनी आणि ही जखम. सगळी एकत्र आली की माणूस हातचा जातो."

"हे वाचतील ना हो?"

"अंगठा काढावा लागेल. पुढचं बरंचसं विडीवर आहे."

आता मास्तरांना नवे, रुंद बूट आहेत. काकू रोज त्यांत आधी हात फिरवतात, मग मास्तरांचे तळवे न्याहाळतात.

"रोज पाया पडतेस, म्हातारा झालो वाटतं!"

"पडत नाही, बघतेय. हलू नका."

मास्तरांचा हात सवयीनं विडीच्या खिशाकडे जातो. काकू मान वर न करता नुसत्या खाकरतात. हात बहुतेकदा परत येतो. कधी येत नाही.

मी दमलोय. मला आता कुठे जायचं नाही. तुमच्या घरी असा पाय असेल, तर तो कुरकुरायची वाट पाहू नका. तो कुरकुरत नाही. तुम्हीच वाका.