तीन साइटींनी गिळलेला चौक

मी एक जुना एचडी कॅमेरा आहे. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, अल्पेशच्या शूटिंगच्या दुकानातल्या कपाटात असतो. मित्रांनो, आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा गोड बोलणं जमणार नाही.

अल्पेशने मला कॅम्प दोनच्या बाजारातून घासाघीस करून आणलं. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत किती हळदी टिपल्या असतील! "काय क्लिअर येतंय रे!" लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी चिखलोलीच्या एका हळदीत सगुणाबाई लग्नाचे धवले गात तांदळाच्या पिठाने चौक काढत होत्या. चिमटीतून केसासारखी रेघ सुटायची. मी एकूण एक रेघ टिपली.

अल्पेशने तो व्हिडिओ तीन साइटींवर चढवला आणि लगेच माझं कार्ड पुसून टाकलं. संध्याकाळी दुसरी हळद होती ना! "ऑनलाइन हाय, मग जातंय कुठं?" म्हणाला. शी! आपल्याच कामाची इतकी बेपर्वाई मी कुठे पाहिली नाही.

गेल्या वर्षी सगुणाबाईंचा उजवा हात लकव्याने गेला. चार दिवसांवर थोरल्या नातीची हळद आलीय. चौक आता धाकट्या नातीने, जिज्ञासाने काढायचाय. तो शिकायला ती आज आजीला घेऊन दुकानात आली.

"दादा, ओरिजिनल दे ना."

"डिलीट मारला गं. पण तिन्हीकडे एचडीच हाय, बघ."

मोठ्या टीव्हीवर एकेक साइट लागली. चढवलेला व्हिडिओ या साइटी दाबून लहान करतात, त्यात बारीकसारीक जातं. पहिलीवर मागे पोरी नाचत होत्या. त्यांना सांभाळता सांभाळता त्या साइटने चौकच गिळला होता, रेघांच्या जागी नुसती चौकोनी ठिगळं. दुसरी त्यातल्या त्यात बरी. हात थांबला की रेघ दिसे, हात वळला की सगळी राड. आणि शिकायचं होतं ते वळणच! तिसरीने तर व्हिडिओ उभा कापून चौकाच्या दोन्ही बाजू उडवल्या होत्या, आणि सगुणाबाईंच्या तोंडावर पुट्टी मारल्यासारखा गुळगुळीतपणा. तिन्हींच्या कोपऱ्यात 'एचडी' मात्र ऐटीत लिहिलेलं.

जिज्ञासा दुसरी साइट पुन्हा पुन्हा मागे नेत होती. "आजी, इथून बोट कुठं वळवलंस?"

"तोंडानं नाय सांगता येत गो. हाताला ठावं होतं."

मित्रांनो, साइट दाखवण्यासाठी असते, जपून ठेवण्यासाठी नाही. मूळ चित्र दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कुणाचं कार्ड पुसू नका. एवढं ऐका, मग मला भंगारात घातलंत तरी चालेल.

सगुणाबाई उठल्या. डाव्या हाताने पदराचं टोक धरून त्यांनी टीव्हीची काच पुसली, मागे सरून पाहिलं आणि पुन्हा पुसली.

"पोरी," त्या म्हणाल्या, "धूल जात नाय गो."