दांडा ओढला की बेरीज

मी बेरजेचं यंत्र बोलतोय. कळा दाबा, दांडा ओढा, बेरीज हजर. नवे पैसे सुरू झाले त्या साली, म्हणजे १९५७ मध्ये, पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनिंग कंपनीच्या हिशोब खात्यात मला आणलं. आण्यांशी माझं जमलंच नसतं.

तिथे दोन कारकून एका बाकावर बसत. मोहिउद्दीन आकडे मोठ्याने वाचत, वामनराव बेरीज मांडत. आता वामनराव माझ्या कळा दाबू लागले. साहेब म्हणाले, "यंत्र आलंय, आता माणूस एकच पुरे." कोण जाणार हे ठरायचं होतं. तेव्हापासून दोघं बाकाच्या दोन टोकांना बसू लागले.

सरकारी हुकमाने माणसाची जीभ थोडीच बदलते! मजुरीच्या यादीत पंचाहत्तर पैसे लिहिलेले असत, मोहिउद्दीन सवयीने "बारा आणे" म्हणत आणि वामनराव बरोबर पंचाहत्तर दाबत. एका शनिवारी घाईत त्यांनी बाराच दाबले, तेही पुन्हा पुन्हा. मी निमूट बेरीज केली. तिजोरीतून तेवढीच रोकड निघाली आणि रांगेतल्या शेवटच्या बायांना काही उरलं नाही.

"आमचा चुकारा कुठी गेला?" त्यांच्यातल्या रुपीबाईने खिडकीतून विचारलं. तिला केळापूरला घरी पोचायच्या आधी पीठ घ्यायचं होतं.

साहेबांनी दोघांना बोलावलं. "मी आणे बोललो साहेब, यायनं पैसे दाबले," मोहिउद्दीन म्हणाले. "चूक दोघायची हाय."

"नाही," वामनराव म्हणाले. "त्यांनी बारा पैसेच वाचले."

माझ्या पोटात दाबलेला आकडा तेवढा राहतो, वाचलेला शब्द राहत नाही. मला काहीच दाखवता आलं नाही, याची फार चीड आली. मोहिउद्दीनना त्याच दिवशी काढलं.

सहा वर्षांनी त्यांची बायको सुग्राबी आली. मोहिउद्दीन वारले होते. फंडाचे पैसे न्यायचे होते. वामनरावांनी रक्कम दाबली आणि यादी पुन्हा तपासू लागले.

"राहू द्या भाऊजी," ती म्हणाली. "ते घरी म्हनत, वामनरावाचा हिशोब कधी चुकत नाही."

वामनरावांनी दांडा ओढला नाही. पैसे हाताने मोजून दिले आणि मला फडताळात सरकवलं. पुढे ते कागदावरच बेरजा करत राहिले, विजेवरचं यंत्र येऊन त्यांना घरी बसवेपर्यंत.

फडताळ कधी उघडलंत तर माझा दांडा तेवढा ओढा. सुग्राबीची रक्कम अजून माझ्या कळांवर अडकलेली आहे.